पाळीवरचा पिंपळ आणि माझे इवाई

इवाई, तुम्ही "निघालो" म्हणाला होतात.

सकाळी फोनवर तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. घाईचा, जरा खाकरलेला. "इहीणबाई, मी निघालोच. रोप गाडीत ठेवून राहिलो. चहा टाका, अन् साखर अशी घाला की शैलाले समजलं नाही पाहिजे." तुमच्या सौभाग्यवती, शैलाताई, शेजारीच उभ्या असणार, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मी चहा टाकला. रामदासपेठेतून माझ्याकडे यायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला. चहाचा काढा झाला. तो ओतून मी दुसरा टाकला. ऊन चढायच्या आत खाप्याच्या पुढे, माझ्या माहेरच्या धरणावर पोचायचं, नाहीतर त्याच्या पाळीवर पाय ठेववत नाही, हे तुम्हीच मला आदल्या दिवशी बजावलं होतं. मला राग यायला लागला. शेवटी मी फोन लावला आणि उचलल्या उचलल्या सुरू झाले, "काहून जी इवाई, गाडीत बसून येऊन राहिले का गाडी ओढत? तुम्ही पोचाच्या आधी धरण फुटन ना!"

पलीकडून निखिल बोलला. तुमचा मुलगा, माझा जावई.

"आई, बाबा गेले."

मी विचारलं, "कुठे?"

खरं सांगते, मला वाटलं तुम्ही मला न घेताच धरणावर गेलात. आता या माणसाला दोन शब्द सुनवायचेच, असं मी मनात जुळवायलाही लागले होते. मग फोन प्रज्ञाने घेतला आणि माझी लेक जी रडली, त्यावरून मला कळलं. तुम्ही दारातल्या पायरीवर बूट घालायला बसला होतात. एक पाय बुटात गेला, दुसरा गेलाच नाही.

गॅसवर दुसरा चहा उकळत होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही. पातेलं जळलं. ते अजून तसंच पडलं आहे, घासायला हात होत नाही.

लोक येतात, विचारतात, "असं अचानक कसं काय?" जणू मला आधी कळवलं होतं आणि मी सांगायचं विसरले. आजारी माणूस जातो तेव्हा घर हळूहळू तयार होतं. तुम्ही तर आदल्या दिवशी कूलरच्या जाळ्या बदलल्यात. आंब्याची पेटी आणून ठेवलीत. उद्या जाणारा माणूस आज कच्चे आंबे आणतो का? ते आंबे तुमच्या तेराव्याच्या आतच पिकले. कोणी खाल्ले नाहीत.

प्रज्ञाच्या लग्नाआधी तुम्ही माझ्यासाठी पाटबंधारे खात्यातले निवृत्त साहेब होतात, भोसल्यांच्या काळापासून नागपुरात असलेल्या घराण्यातले. मी निवृत्त शाळामास्तरीण, माझे वडील नागपुरात दीक्षा घेऊन गावी परतलेले. पोरांनी आपापलं ठरवलं आणि आपण दोघं व्याही झालो. म्हणजे आमच्या बोलीत तुम्ही इवाई, मी इहीण. प्रज्ञाचे बाबा लग्नाच्या आधीच वारले होते, त्यामुळे तुमच्याशी बोलायचं, भांडायचं, मान राखायचं, सगळं माझ्या एकटीवर आलं. त्यातलं भांडण मी चोख केलं असं मला वाटतं.

लग्नानंतर आम्ही माझ्या माहेरी, गावात, जेवण ठेवलं होतं. आठवतं ना? मांडवात पंगत बसली, पानं वाढली आणि इवाई गायब! तुमची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आमची माणसं जमिनीकडे. इवाई रुसण्याची रीत आपल्याकडे आहेच, कोणाला अंगठी पाहिजे असते, कोणाला नुसतं पाया पडून घ्यायचं असतं. पण त्या दिवशी आमच्या लोकांच्या मनात दुसरंच आलं. कोणी तोंडाने बोललं नाही. माझ्याही मनात आलं. हा माणूस आमच्या हातचं जेवायचं टाळतो आहे, असं आलं. मी मिलिंदला, माझ्या भावाला, म्हटलं, "जा गा, पाह्य इवाई कुठं गेले ते. अन् जेवत नसन तर मले येऊन सांग, लोकाईसमोर बोलू नको."

मिलिंदला तुम्ही मांडवामागे सापडलात. गावाच्या डोक्यावर आमचं मातीचं धरण आहे, छोटंसंच, दोन टेकड्यांच्या मध्ये पाळ घालून पाणी अडवलेलं. त्या पाळीच्या पायथ्याशी तुम्ही नवेकोरे बूट हातात घेऊन, लग्नाच्या पॅण्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी चालत होतात. मिलिंद म्हणाला, "इवाई, चुकलं असन तं माफ करा, पण पानं वाढली जी." तुम्ही मूठभर ओली माती त्याच्यापुढे धरलीत आणि विचारलंत, "इथं पाणी कधीपासून झिरपून राहिलं?"

मग तसेच चिखलाच्या पायांनी आलात, पानावर बसलात आणि वांग्याची भाजी तीनदा मागून घेतलीत. आमच्या बायांनी तुम्हाला तिथल्या तिथे पास केलं. मी मात्र अजून तुमच्या पानावर एक डोळा ठेवून बुंदी वाढत होते, तर तुम्ही वर बघून, भरल्या तोंडाने मला म्हणालात, "इहीणबाई, पाळीवरचा तो पिंपळ काढावा लागते."

तो पिंपळ माझ्या बाबांनी लावलेला. जेवण होईपर्यंत तरी थांबायचं होतं, इवाई.

तिथून आपलं जे सुरू झालं ते मागच्या महिन्यापर्यंत चाललं. तुमचं म्हणणं सोपं होतं आणि तुम्ही ते कंटाळा न करता सांगायचात. मातीच्या धरणावर झाड नको. मुळं पाणी शोधत पाळीच्या पोटात शिरतात, त्यातलं एखादं कुजतं, आणि कुजल्या मुळाच्या जागी पाण्याला वाट सापडते. पाळीखाली वस्ती आहे, पहिलं घर मिलिंदचंच. माझं म्हणणं त्याहून सोपं होतं. माझ्या बाबांनी वस्तीतल्या सगळ्यांबरोबर त्या पाळीवर डोक्यावरून माती वाहिली. काम संपलं त्या वर्षी त्यांनी नागपुरातून रोप आणून पाळीच्या माथ्यावर लावलं, कारण गावात झाड लावायला त्यांची स्वतःची म्हणावी अशी जागाच नव्हती. दर बुद्धपौर्णिमेला वस्ती तिथे दिवे लावते. तुम्ही कोण ते काढणारे?

एकदा माझ्या घरी, चहा पिता पिता, तुम्ही म्हणालात, "मुळं जात पाहत नाही, इहीणबाई. पाणीबी जात पाहत नाही."

मी म्हटलं, "पाणी पाहत नाही? मग चवदार तळ्यावर आमाले काहून जावं लागलं?"

तुम्ही कप खाली ठेवलात. उरलेला चहा प्यायलाच नाहीत. तुम्ही गेल्यावर मला वाटलं, संपलं, आता इवाई पिंपळाचं नाव काढणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "काल तुमचं बरोबर होतं. मी पाण्याबद्दल बोलून राहिलो होतो, तुम्ही माणसांबद्दल बोलल्या. माणसांबद्दल मी बोलायला नको होतं." मी विरघळणार, एवढ्यात तुम्ही पुढे म्हणालात, "पण पाण्याबद्दल माझंच बरोबर आहे." मी फोन आपटला आणि मग एकटीच हसत बसले. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरशात सोडून.

आता एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगते. बाबा गेले, मग आई गेली, आणि माझं माहेर हळूहळू सुटलं होतं. मिलिंद बोलवायचा, मी "येते गा" म्हणायचे आणि जायचे नाही. रिकाम्या घरात जाऊन काय करायचं? तुम्ही मात्र दर पावसाळ्यात झिरप बघायच्या निमित्ताने गाडी काढायचात आणि मला ओढून न्यायचात. मी सांडव्यावर बसायची, तुम्ही पायथ्याने अनवाणी चालायचात, टाच दाबून दाबून, वहिनीने दिलेली गरम भजी हातात घेऊन. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "ताईचे इवाई आले, आता पाऊस पडन." व्याह्याने कोणाला माहेर परत दिलं, असं कुठे ऐकलं आहे का? मी तुम्हाला हे कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लगेच त्याच्या बदल्यात पिंपळ मागितला असता.

आणि तुमचं ते झाडाचं रोप! माझं मन वळत नाही म्हटल्यावर तुम्ही बाबांच्या पिंपळाची फांदी कापून नेलीत आणि गच्चीवर रंगाच्या बादलीत खोचलीत. ती वाळली. दुसरी आणलीत, ती कुजली. तुमच्या आक्का तुमच्यावर तुटून पडल्या. घरात पिंपळ लावतात का, मुंजा येऊन बसेल, वंशाला बरं नाही. तुम्ही म्हणालात, "येऊ दे मुंजाले. उन्हाळाभर त्याच्यासाठी कूलर लावून देऊ, नागपुरात कोण बसते त्याशिवाय?" मी फोनवर चिडवायची, "लोकाईच्या भिंतीतून न लावता निघते, अन् साहेबाच्या बादलीत लावून नाही निघत!" तुम्ही चिडायचात. पुन्हा फांदी आणायचात.

यंदा थंडी सरता सरता एक फांदी लागली. तुम्ही मला गच्चीवर नेऊन दाखवलंत. तांबूस, एवढंसं पान होतं. मी म्हटलं, "रोप जगलं म्हणून झाड मारायचं, हा कुठला न्याय?" तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच आवाज न चढवता बोललात. "तुमच्या बाबांनी दोन कामं केली. माती वाहिली अन् झाड लावलं. दोन्ही नाही टिकत, इहीणबाई. कोणतं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी पुन्हा विचारणार नाही."

ग्रामपंचायतीचा ठराव झाला होता, परवानग्या आल्या होत्या. पण मिलिंद आणि वस्ती म्हणत होती, ताई म्हणेल तसं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, बुद्धपौर्णिमा होऊ द्या. ती झाली. तुम्ही गेलात त्या दिवशी आपण रोप घेऊन त्याची नवी जागा बघायला निघालो होतो, विहाराच्या मागे, पाळीपासून दूर. तिथे मी "हो" म्हणणार होते का? प्रज्ञाने मला विचारलं. निखिलने विचारलं. मला माहीत नाही, इवाई. मी मनात अजून भांडतच होते. समोरचा माणूस वाक्याच्या मध्यात उठून गेला, त्याला मी काय करू?

तुम्हाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रामदासपेठेत आले तर तुमची बादली गाडीतून काढून फाटकाबाहेर, कचऱ्याच्या गाडीच्या वाटेवर ठेवलेली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि रोपाने मान टाकलेली. आत आक्का कोणाला तरी सांगत होत्या, "म्हटलं होतं मी, पिंपळ नको, पिंपळ नको. घेऊन गेला नं माझ्या भावाले." माझं डोकं फिरलं. सुतकाच्या घरात आवाज चढवू नये हे मी पोरांना शिकवलेलं. तरी मी दारातूनच ओरडले, "त्याच्यात मुंजा नाही जी आक्का, त्याच्यात माझा बाप आहे!" शैलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तुम्हाला नेल्यापासून त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि एक बाजू मी, एक बाजू त्यांनी धरून आम्ही दोघी विहिणींनी बादली आत आणली. न्हाणीघरात, सावलीत ठेवली. संध्याकाळी बघते तर आक्का तांब्या घेऊन तिथे वाकलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "त्याचा हात लागला आहे नं." बस्, एवढंच.

पावसाच्या आत व्हायला पाहिजे म्हणून तेरावं झाल्यावर आम्ही गावाला गेलो. शैलाताईंच्या मांडीवर रोप होतं. विहाराच्या मागे मिलिंदने खड्डा खणून ठेवला होता. रोप लावलं, पाणी घातलं, आणि मग सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी पाळीवर चढले. तलाव पार तळाला गेला होता. पिंपळाखाली पौर्णिमेच्या पणत्या तशाच होत्या. बाबा तिथे पाय पसरून बसायचे. मी खोडाला हात लावला आणि मिलिंदला म्हटलं, "काढा."

पण ऐका. ते मी तुमचं पटलं म्हणून म्हटलं नव्हतं. गेलेल्या माणसाचा शब्द म्हणून म्हटलं होतं. तुमच्याशी माझं भांडण होतं तिथेच होतं.

फांद्या उतरवल्या, खोड उतरलं. वस्तीतल्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, मीही त्यांच्यात. मग बुंधा आणि मुळं. खात्याचे साहेब आले होते, त्यांनी सांगितलं की मुळं सगळी काढावी लागतील आणि जागा मुरूम-मातीने ठोकून भरावी लागेल. एक मूळ तलावाच्या बाजूला गेलं होतं. माणसाच्या मांडीएवढं. ते ओढायला गेले तर नुसती साल हातात आली. आत काही नव्हतं. मिलिंदने वाकून त्या भोकात हात घातला. कोपर गेलं. दंड गेला. खांदा मातीला टेकला तरी त्याच्या बोटांना पलीकडचं काही लागेना. त्याने हात बाहेर काढला, तर बोटं ओली होती. तलाव तळाला गेलेला, गावात माती भेगाळलेली, आणि पाळीच्या पोटात ओल.

मिलिंद खाली वस्तीकडे बघत होता. त्याच्या घराच्या दारात नातवाचे कपडे वाळत घातलेले दिसत होते.

मीही हात घातला. आत गार होतं. माझ्या बाबांनी डोक्यावरून वाहिलेली माती, आणि तिच्यात बाबांच्याच झाडाने केलेलं भगदाड. हा पावसाळा त्या पाळीने काढला असता का, कोणास ठाऊक.

आणि मी मागे वळून पाहिलं, इवाई. सवयीने. तुम्ही बूट हातात घेऊन उभे असाल, चेहरा मुद्दाम गंभीर केलेला असेल, आणि मिशीतल्या मिशीत ते तुमचं हसू असेल, म्हणून. मी उत्तरही तयार केलं होतं. मागे पाळ सरळ पडलेली होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की तुम्ही गेलात. निखिलने फोनवर सांगितलं तेव्हा नाही, तुम्हाला नेलं तेव्हाही नाही. तिथे.

भोक खणून मोकळं केलं, थर देऊन भरलं. पोत्याची चुंगडी भरभरून माती टाकायची, पाणी मारायचं, ठोकायची. शेवटच्या थरावर वस्तीतले सगळे पायांनी माती दाबायला उतरले, बाबांच्या वेळी उतरले होते तसे. प्रज्ञा उतरली, निखिल उतरला. मी चप्पल काढली आणि उतरले. टाच दाबून दाबून, तुमच्यासारखी.

आता मृगाची वाट बघायची. मिलिंद म्हणतो, पहिलं पाणी भरलं की ताई तूच येऊन पायथा बघ. बघीन.

पाण्याबद्दल तुमचंच बरोबर होतं. माणसांबद्दल माझं होतं, पण पाण्याबद्दल तुमचं. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकायला तुम्ही इतकी वर्षं माझ्याकडे चोरून साखरेचा चहा प्यायलात. एवढी काय घाई होती? हरलेली इहीण पाहायला तरी थांबायचं होतं, इवाई.